प्रोग्रामला शिदोरी बांधून देणाऱ्या ग्रेस हॉपर : घड्याळं खोलणारी पोरगी अमेरिकी नौदलाची रिअर ॲडमिरल कशी झाली?

घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही मराठीत अर्ज टाइप केला, पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलात. तिथं फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी. जुने मराठी फॉन्ट वापरलेल्या प्रत्येकानं हे एकदा तरी भोगलंय.

फाइलमध्ये चूक नव्हती. ती ज्या फॉन्टवर अवलंबून होती, तो फॉन्ट घरीच राहिला होता.

कॉम्प्युटर प्रोग्रामचंही असंच होतं. समजा यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका पोरानं कापसाच्या काटापावत्यांची यादी साफ करणारी छोटी पर्ल स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलची फाइल वाचायला त्यानं दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं तयार मॉड्यूल इंटरनेटवरून घेतलं. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं.

मग तीच स्क्रिप्ट वणीच्या एका जिनिंगच्या ऑफिसात नेली. तिथल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. स्क्रिप्ट सुरू केली आणि पहिल्याच ओळीला पर्लनं हात वर केले : अमुक मॉड्यूल सापडत नाही.

शेतावर जाणाऱ्या माणसाला घरून शिदोरी बांधून देतात, कारण रानात हॉटेल नसतं. तसंच प्रोग्रामला लागणारी इतरांची मॉड्यूल त्याच्यासोबत बांधून द्यायची असतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला डिपेंडन्सी बंडल करणं म्हणतात.

हा प्रश्न पर्लच्या कितीतरी आधीचा आहे. पंचाहत्तरेक वर्षांपूर्वी एका बाईनं हे शिदोरी बांधायचं काम चक्क कॉम्प्युटरलाच शिकवलं होतं. तेव्हा कॉम्प्युटर असलं काही करू शकतो यावर लोकांचा विश्वासही बसला नव्हता.

त्या बाईंचं नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळं आणि एक पोरगी

ग्रेस ब्रुस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. वडील विमा व्यवसायात. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल होते, ही गोष्ट घरात अभिमानानं सांगितली जायची.

सात वर्षांची असताना ग्रेसला प्रश्न पडला की गजराचं घड्याळ वाजतं कसं? तिनं एक घड्याळ खोललं. ते परत जोडता येईना, म्हणून आतली रचना बघायला दुसरं खोललं. मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आईनं रागावण्याऐवजी तोडगा काढला : यापुढं प्रयोगासाठी एकच घड्याळ मिळेल.

शाळा संपल्यावर व्हॅसार कॉलेजात जायचं होतं, पण लॅटिनमध्ये गाडी अडली. एक वर्ष थांबावं लागलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी झाली. मग येल विद्यापीठ. तिथून १९३० साली मास्टर्स आणि १९३४ साली गणितात पीएचडी. त्या काळात अमेरिकेतही गणितात पीएचडी करणाऱ्या बायका मोजक्याच होत्या.

१९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव त्यांनी तेच ठेवलं. दरम्यान त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवत होत्या. पक्की नोकरी होती, मान होता. आयुष्य असंच गेलं असतं तर आज त्यांच्यावर लेख लिहायची वेळ आली नसती.

पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली.

वजन कमी, वय जास्त, तरी नौदलात

हॉपर यांनी नौदलात जायचं ठरवलं. अडचणी दोन. वय पस्तिशीच्या पुढं आणि वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंड कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक युद्धकाळात शिकवण्याच्या कामी जास्त उपयोगाचे, असं सरकारचं मत. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. विशेष सूट मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षण संपलं, तेव्हा त्या तुकडीत पहिल्या आल्या होत्या. त्यांना वाटलं होतं की गुप्त संदेश उलगडायच्या कामावर पाठवतील. आदेश आला तो हार्वर्ड विद्यापीठाचा.

तिथं एका मोठ्या खोलीत ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि जवळपास पाच टन वजनाचं यंत्र खडखडत होतं. त्याचं नाव मार्क वन. हॉवर्ड एकन यांच्या कल्पनेतून आयबीएमनं ते बांधलं होतं. सेकंदाला तीन बेरजा, हा त्याचा वेग. आज तुमच्या हातातला फोन सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करतो. पण त्या काळी तोफांचे तक्ते हातानं करणाऱ्यांसाठी हे यंत्र म्हणजे चमत्कार होता.

एकन कडक स्वभावाचे. त्यांनी या नव्या लेफ्टनंट बाईंना ओळखपाळख व्हायच्या आधीच काम दिलं. मशीन कसं चालतं हे शिकवायला कुणाला वेळ नव्हता. हॉपर यांनी पुन्हा एकदा तेच केलं जे सात वर्षांच्या असताना केलं होतं. नकाशे काढले, जोडण्या बघितल्या, यंत्र समजून घेतलं. पुढं एकन यांनी त्यांना या यंत्राचं माहितीपुस्तक लिहायला बसवलं. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पाचशेहून अधिक पानांचं होतं.

वहीतून उतरवलेला कोड

आता इथून आपली मूळ गोष्ट सुरू होते.

मार्क वनला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीला छिद्रं पाडून. प्रत्येक गणितासाठी वेगळी पट्टी. पण हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक, रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या लक्षात आलं की काही तुकडे पुन्हा पुन्हा लागतात. साइन काढायचा तुकडा, वर्गमूळ काढायचा तुकडा. दर वेळी नव्यानं कशाला लिहायचे?

मग त्यांनी वह्या केल्या. एखादा तुकडा नीट चालला की तो वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी कुणालाही लागला तर वही मागायची आणि उतरवून घ्यायचा. अशा तुकड्याला सबरुटीन म्हणतात. आजच्या मॉड्यूलचा हा पूर्वज. दुसऱ्यानं लिहिलेला, तपासलेला कोड आपल्या प्रोग्राममध्ये वापरणं, ही सवय अशी लागली.

पण यात दोन भानगडी होत्या.

पहिली, उतरवताना माणूस चुकतो. पुढं हॉपर दुसऱ्या एका मशीनवर काम करू लागल्या तेव्हा हे फारच जाणवलं. घाईत लिहिलेला ४ दुसऱ्याला त्रिकोणासारखा डेल्टा वाटायचा आणि त्या मशीनवर डेल्टा म्हणजे रिकामी जागा. इंग्रजी बी अक्षराचे १३ व्हायचे. एका अक्षरानं अख्खा प्रोग्राम आडवा.

दुसरी भानगड पत्त्यांची. सबरुटीन वहीत शून्य क्रमांकाच्या जागेपासून लिहिलेलं असायचं. ते आपल्या प्रोग्राममध्ये समजा ३५० व्या जागेपासून बसवायचं असेल, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३५० मिळवायचे. शेकडो बेरजा, त्याही हातानं. हॉपर यांचं निरीक्षण असं होतं की प्रोग्रामर मंडळींना साध्या बेरजा जमत नाहीत. आणि गंमत म्हणजे ज्या यंत्राला बेरीज आणि नक्कल ही दोनच कामं उत्तम येतात, त्याच्या शेजारी बसून माणसं ती हातानं करत होती.

याच काळातला एक किस्सा तुम्ही ऐकला असेल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. हॉपर हा किस्सा इतक्या रंगवून सांगायच्या की बग हा शब्द त्यांनीच आणला असं सोशल मीडियावर आजही फिरतं. ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणूनच तर खरा किडा सापडल्यावर सगळ्यांना हसू आलं.

पडता काळ

युद्ध संपलं. नौदलात कायम व्हायची इच्छा होती, पण वय आडवं आलं. व्हॅसारनं प्राध्यापकपद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. हार्वर्डमध्ये संशोधक म्हणून राहिल्या, पण तिथं बायकांना वर जायला वाट नव्हती. १९४९ साली ती नोकरीही संपली.

संसार मोडलेला, युद्धाच्या काळातला ताण अंगात मुरलेला. या दिवसांत त्यांचं पिणं फार वाढलं होतं. मित्रांना काळजी वाटू लागली. त्यांचे सहकारी एडमंड बर्कली यांनी तर पत्र लिहून हा विषय उघडपणे मांडला. हॉपर यांच्या गौरवाच्या गोष्टींत हे पान बहुतेक वेळा गाळलं जातं. पण पुढं त्यांनी जे केलं ते सगळं या पडत्या काळातून उठून केलं, हे माहीत असलं पाहिजे.

१९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. नवी, पैशाची ओढाताण असलेली कंपनी. ती युनिव्हॅक नावाचा विकता येईल असा कॉम्प्युटर बांधत होती. १९५० मध्ये रेमिंग्टन रँडनं ही कंपनी विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना विभागाला मिळाला.

कॉम्प्युटरनंच शिदोरी बांधली

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये हॉपर एका कामाला लागल्या. वहीतली सबरुटीन त्यांनी चुंबकीय टेपवर चढवली. प्रत्येकाला एक नंबर दिला. आता प्रोग्रामरनं फक्त यादी लिहायची : आधी हा नंबर, मग तो नंबर, आणि त्यांना लागणारे आकडे हे.

बाकीचं कॉम्प्युटर करणार. तो यादी वाचणार, टेपवरच्या लायब्ररीतून तेवढीच सबरुटीन शोधून काढणार, त्यांची नक्कल करणार, पत्त्यांच्या बेरजा स्वतः करणार आणि सगळं एकत्र जोडून एक पूर्ण प्रोग्राम तयार करून देणार. तो प्रोग्राम चालवताना मग वही लागत नाही, लायब्ररीची टेपही लागत नाही. जे लागेल ते सगळं त्याच्या पोटात.

या प्रणालीचं नाव ए-झिरो. लायब्ररीतून तुकडे गोळा करून एकत्र रचायचे, म्हणून हॉपर यांनी तिला कंपायलर म्हटलं. आज कंपायलर हा शब्द आपण वेगळ्या अर्थानं वापरतो आणि ए-झिरोसारखं काम करणाऱ्याला लिंकर किंवा लोडर म्हणतो. पण हा शब्द प्रोग्रामिंगमध्ये रुजला तो इथून.

यात एक पेच होता. युनिव्हॅकच्या मेमरीत जेमतेम १००० शब्द मावत. कॉम्प्युटर प्रोग्राम एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणार. मग मध्येच पुढच्या एखाद्या तुकड्यावर उडी मारायची आज्ञा आली तर? तो तुकडा कुठं बसणार हेच अजून ठरलेलं नसायचं.

इथं कॉलेजातलं बास्केटबॉल कामी आलं. त्या काळच्या मुलींच्या नियमांनुसार चेंडू घेऊन फार पळता येत नसे. म्हणून चेंडू सहखेळाडूकडे टाकायचा, आपण पुढं धावायचं आणि तिथं तो परत घ्यायचा. हॉपर यांनी मेमरीचा एक कोपरा राखून ठेवला. पुढच्या सगळ्या उड्या आधी त्या कोपऱ्यात टाकायच्या. खरं ठिकाण कळलं की कोपऱ्यातून तिकडं पास.

१९५२ च्या मे महिन्यात पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. पण चालती प्रणाली हातात असूनही ती वापरायला लोक तयार नव्हते. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय प्रोग्रामिंग ही आपल्या हातातली खास कला आहे असं मानणाऱ्यांना ती यंत्राच्या हाती जाणं रुचत नव्हतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या वाटेवर हॉपर एकट्या नव्हत्या. इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी एडसॅक या कॉम्प्युटरसाठी सबरुटीनची शिस्तशीर लायब्ररी उभी केली होती आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं. तिथं लागणारी सबरुटीन छिद्रांच्या पट्टीवरून यंत्रानं नक्कल करून प्रोग्रामच्या पट्टीत उतरवली जात. गोळा करणं, पत्ते बदलणं आणि जोडणं ही सगळीच कामं कॉम्प्युटरवर सोपवायचा हट्ट हॉपर यांचा.

१९५३ पर्यंत ए-टू ही सुधारित आवृत्ती आली. ती ग्राहकांना मूळ कोडसकट दिली गेली आणि सुधारणा सुचली तर परत पाठवा असं सांगितलं गेलं. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे गणलं जातं.

वणीतल्या स्क्रिप्टचं काय?

आता आपल्या पर्लवाल्या पोराकडं वळू. पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणली. मजकूर आणि याद्या साफ करण्यात ती फार तरबेज. १९९५ पासून तिची सीपॅन नावाची जगभरच्या लोकांनी भरलेली लायब्ररी आहे. हॉपर यांची टेप आता इंटरनेटवर गेली असं समजा.

पण शिदोरी बांधायचं काम उरतंच. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट सोपी. स्क्रिप्टच्या शेजारी एक फोल्डर करायचा, लागणारी सगळी मॉड्यूल त्यात बसवायची आणि स्क्रिप्टला वरच सांगायचं की आधी या फोल्डरमध्ये बघ. मग अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर. यात एक ध्यानात ठेवायचं : एका मॉड्यूलला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. त्यामुळं हातानं फाइली उचलू नका. सीपॅनचं इन्स्टॉल करणारं साधन वापरा, ते पूर्ण साखळी आणतं. हातानं उतरवलं की काय होतं, ते हॉपर यांच्या वहीनं दाखवलंच आहे.

दुसरी वाट फॅटपॅकर नावाच्या साधनाची. ते सगळी मॉड्यूल स्क्रिप्टच्याच फाइलमध्ये भरतं. एक फाइल नेली की झालं. पण हे फक्त शुद्ध पर्लमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलपुरतं. काही मॉड्यूलचा भाग सी भाषेत असतो आणि तो त्या त्या मशीनसाठी वेगळा तयार करावा लागतो. तो असा कोंबता येत नाही.

तिसरी वाट पीएआर पॅकरची. त्याची पीपी ही आज्ञा स्क्रिप्ट, मॉड्यूल आणि खुद्द पर्ल असं सगळं एका चालवता येणाऱ्या फाइलमध्ये बांधते. समोरच्या कॉम्प्युटरवर पर्ल नसलं तरी चालतं. मात्र विंडोजवर बांधलेली फाइल विंडोजवरच चालणार. आणि कोणती मॉड्यूल लागतात हे पीपी कोड चाळून ओळखते. प्रोग्राम चालू असताना ऐन वेळी नाव ठरवून बोलावलेलं मॉड्यूल तिच्या नजरेतून सुटू शकतं. ते वेगळं सांगावं लागतं. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर पर्लचा मागमूसही नाही, अशा कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघितल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नये.

शिदोरीची एक उणी बाजूही आहे. बांधलेली भाकरी शिळी होते. मूळ मॉड्यूलमध्ये सुरक्षेची एखादी चूक सापडून दुरुस्त झाली, तरी तुमच्या गाठोड्यातली प्रत जुनीच राहते. त्यामुळं आत काय काय आणि कोणत्या आवृत्तीचं बांधलंय याची यादी ठेवायची आणि अधूनमधून नव्यानं बांधायचं. दुसऱ्याचा कोड वाटताना त्याचा परवानाही सोबत ठेवायचा.

कॉम्प्युटरला इंग्रजी कळेल का?

ए-टू नंतर हॉपर यांनी पुढचा घाट घातला. गणितवाल्यांना चिन्हं चालतात, पण कारखान्यात पगारपत्रक करणाऱ्याला ती नको असतात. मग साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा का देऊ नयेत?

कंपनीच्या वरिष्ठांना पटवायला त्यांनी छोटा नमुना करून दाखवला. आणि भाषा कोणतीही असो, यंत्राला फरक पडत नाही हे दाखवायला तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही केला. इथं डाव उलटला. अमेरिकेत बनलेला कॉम्प्युटर फ्रेंच आणि जर्मन कसा समजेल, या विचारानं वरिष्ठ बिथरले. शेवटी फक्त इंग्रजीच करू असं आश्वासन द्यावं लागलं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली.

तोवर प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा आणि भाषाही वेगळी, असा गोंधळ झाला होता. मेरी हॉज यांनी सर्वांसाठी एक सामायिक व्यावसायिक भाषा हवी अशी मागणी लावून धरली. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटागॉन इमारतीत बैठक झाली आणि त्यातून कोबोल जन्मली. जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन अशा अनेकांचे हात तिला लागले. हॉपर सल्लागार होत्या आणि कोबोलवर सर्वांत मोठी छाप फ्लो-मॅटिकची पडली. म्हणून त्यांना कोबोलची आजी म्हणतात.

डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबोल प्रोग्राम, अगदी थोडे बदल करून, आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या अशा दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. एका मशीनवरचं काम दुसऱ्या मशीनवर चालतं, हे तेव्हा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

या कोबोलचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो विसाव्या शतकाच्या शेवटी. बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. २००० साल उजाडलं की ते १९०० समजलं जाईल, अशी भीती होती. ते लाखो ओळींचे प्रोग्राम तपासायचं काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत कोबोल शिकून कामाला लागलेली पोरं आज पन्नाशीत आहेत. तुमच्या घरात किंवा सोसायटीत असा एखादा काका असेलच.

सहा महिन्यांसाठी बोलावलं आणि १९ वर्षं ठेवलं

१९६६ च्या शेवटी वयाच्या साठीत नौदलानं हॉपर यांना निवृत्त केलं. त्यांना ते फार लागलं. पण आठ महिनेही झाले नाहीत तोच ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावणं आलं.

कारण पुन्हा तेच. कोबोल एक असली तरी प्रत्येक कंपनीचा कंपायलर आपापल्या ढंगानं वागत होता. एका जहाजावरचा प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणी अडायचा. हॉपर आणि त्यांच्या तुकडीनं चाचण्यांचा संच तयार केला. कंपायलर त्यात उतरला तर तो प्रमाण कोबोलला धरून आहे. नुसतं नाव एक असून भागत नाही, वागणं एक हवं, हे त्यांनी कंपन्यांच्या गळी उतरवलं.

ते सहा महिने जवळपास १९ वर्षं चालले. १९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर आणि १९८५ मध्ये पदाचं नाव बदलून रिअर ॲडमिरल. पणजोबांचाच हुद्दा पणतीला मिळाला.

या काळात त्या देशभर व्याख्यानं देत फिरायच्या. सोबत तारेचे तुकडे असत, प्रत्येकी सुमारे ३० सेंटीमीटरचे. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त इतकंच अंतर कापते, हे दाखवायला. उपग्रहाचा संदेश यायला उशीर का होतो, असं विचारणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्यांना त्या तारेचा तुकडा हातात द्यायच्या आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजायला सांगायच्या. ऑफिसातलं त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. आजवर असंच चालत आलंय, हे कारण त्यांना अजिबात चालायचं नाही आणि ते घड्याळ येणाऱ्या प्रत्येकाला त्याची आठवण करून द्यायचं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या नौदलाच्या जुन्या जहाजावर त्या निवृत्त झाल्या. वय ७९. त्या वेळी अमेरिकी नौदलात प्रत्यक्ष सेवेत असलेल्या त्या सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. घरी बसतील तर त्या हॉपर कसल्या! लगेच डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत सल्लागार झाल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

१९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. १ जानेवारी १९९२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या. लष्करी इतमामात आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. पुढं नौदलानं एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं. २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं आणि येल विद्यापीठानं २०१७ मध्ये आपल्या एका कॉलेजचं जुनं नाव काढून ग्रेस हॉपर कॉलेज असं ठेवलं.

पदकं आणि जहाज बाजूला ठेवलं तरी त्यांचं काम रोज आपल्या हाताखालून जातं. तुम्ही प्ले स्टोअरवरून एखादं ॲप घेता तेव्हा त्याला लागणारी, कुणी कुणी लिहिलेली डझनावारी मॉड्यूल त्या ॲपसोबतच बांधून येतात. ती कुणी वहीतून उतरवत नाही आणि त्यांच्या पत्त्यांच्या बेरजा कुणी हातानं करत नाही. ते काम कॉम्प्युटरचं आहे, हे १९५१ मध्ये ज्या मोजक्या लोकांना पटलं होतं, त्यातल्या एक ग्रेस हॉपर होत्या.